तारांखालची रवण

माघ सरत आला की आमच्या घरामागच्या तारांचा आवाज कमी होतो. थंडीत दव पडलेलं असतं तेव्हा पहाटे तो स्पष्ट येतो. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत तसा बारीक चरचराट, न थांबणारा. पुढे ऊन तापतं, हवा कोरडी होते, चरचर विरून जाते आणि तिच्या जागी कुंपणापलीकडून दुसरा आवाज सुरू होतो. हौसाबाईंच्या अंगणातली एखादी कोंबडी खुडूक होते. खाणं सोडते, अंग फुगवते, कोणी जवळ गेलं की घशातल्या घशात रागावते. अंडी उबवायला बसायची तिची वेळ झालेली असते.

हा दुसरा आवाज आला की मी मागचं दार लोटून घेतो. दहा-अकरा वर्षं झाली. बायको, कौसल्या, काही म्हणत नाही. दारातून गार वारा येतो म्हणून लोटलं, असं दोघांनीही धरून चालायचं.

आमची कॉलनी नाशिकरोडच्या पलीकडे, उसाच्या शेतांच्या कडेला. आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला नुसतं रान होतं. मग एका वर्षी लोखंडी मनोरे उभे राहिले. वीजकेंद्राकडून निघून ते एकामागे एक रानातून चालत आल्यासारखे दिसत. दिवाळीनंतर त्यांच्यावर तारा ओढल्या. सहा जाड तारा आणि सगळ्यात वर एक बारीक. मी त्या मोजल्या, कारण मला मोजायची सवय आहे. कारखान्यात माझं काम स्टोअरचं. माल मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा, आणि मोजलं नसेल तर बोलायचं नाही. ही शिस्त मी घरीही पाळत आलो आणि तिचा मला अभिमान होता.

तारा ओढल्यावर कॉलनीतलं आकाश बदललं. पोरांचे पतंग अडकू लागले. बगळे संध्याकाळी घराकडे जाताना तारांजवळ आले की उंच उठत, ओलांडत आणि पुन्हा खाली येत. बायका पापड वाळत घालताना वर बघत. वारा सुटला की तारा घुमत, आणि ऐकणारा म्हणे, ‘करंट चाललाय बघा किती जोरात.’ मीही म्हणे.

हौसाबाई आमच्या शेजारी. नांदगावकडच्या. नवरा रेल्वेत गँगमन, मनमाडला असायचा, आठवड्याला एकदा घरी. त्यांच्याकडे शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या. आदल्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मर आली आणि खुराडं जवळजवळ रिकामं झालं. जगल्या त्यांत एक तांबडी होती. माहेराहून येताना हौसाबाईंच्या आईने टोपलीत जी कोंबडी घालून दिली होती, तिच्या लेकीची लेक अशी ही तांबडी. बाकीच्या इकडच्यातिकडच्या. तांबडी म्हातारी झाली होती, अंडी विरळ घालायची.

‘औंदा हिची पिल्लं निघाली तर निघाली,’ हौसाबाई म्हणायच्या. ‘नाय तर आईची जात बुडाली माझ्या हातनं.’

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, म्हणजे रवण घालायची, याची आमच्याकडे एक रीत होती. पाटीत भाताचं तूस पसरायचं, अंडी कोळशाने खूण करून ठेवायची आणि मधोमध एक लोखंडाचा तुकडा. खिळा, जुनी कडी, काहीही. आभाळ कडाडलं तर अंडी नासतात, लोखंड त्यांना राखतं, असं बायका सांगत. आणि अंडी ठेवायची ती लेकुरवाळीने.

त्या माघात पहिली रवण घालायच्या दिवशी हौसाबाई बाहेरच्या होत्या. खुडूक झालेली कोंबडी, तांबडी नव्हे, दुसरी एक, थांबायला तयार नव्हती. त्यांनी कुंपणावरून कौसल्याला हाक मारली. ‘वैनी, तेवढी अंडी ठेवा हो. मला शिवायचं नाय.’

कौसल्या गेली. लग्नाला आमच्या नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा टिकले नव्हते. तिने अंडी ठेवली आणि हात धुऊन घरी आली ती केवढी खुशीत. ‘एकेक अंडं गरम असतं हो,’ म्हणाली, ‘हातात धरलं की.’

ती रवण साफ गेली. एकही पिल्लू निघालं नाही. सगळी अंडी नासली. हौसाबाई काही बोलल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. पण नळावर पाणी भरताना कोणीतरी म्हणालं, ‘हात कोणाचा लागला ते बघा ना.’ ते कौसल्याने ऐकलं. दोन दिवसांनी समोरच्या घरातलं लहान पोर तिच्या मांडीवर खेळत होतं. त्याची आई आली, हसली, ‘चल रे, दूध प्यायचंय ना,’ म्हणाली आणि उचलून घेऊन गेली. हसत, सहज. पोराने नुकतंच दूध प्यायलं होतं. त्याच्या ओठांवर अजून मिशी होती. कौसल्या बराच वेळ तशीच मांडी घालून बसून राहिली.

आम्हाला सोडवलं ते देवरे सरांनी. देवरे सर हायस्कुलात विज्ञान शिकवत. सटाण्याकडचे, उंच, घरात असले तरी डोक्याला कानटोपी. रविवारच्या पुरवणीत त्यांनी काहीतरी वाचलं होतं. विजेच्या तारांभोवती न दिसणाऱ्या लहरी असतात, त्यांचा गर्भावर परिणाम होतो की नाही यावर बाहेरच्या देशांत वाद चालू आहे, असं. सरांना वाद या शब्दाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना कारण सापडलं होतं.

संध्याकाळी बायका अंगणात निवडत-टिपत बसल्या होत्या, तिथे ते गेले. मीही होतो.

‘मला एक सांगा,’ सर म्हणाले, ‘रवणीत लोखंड कशाला ठेवता?’

‘इजंपासून राखायला,’ हौसाबाई म्हणाल्या.

‘ढगातली वीज कुठे, अंडी कुठे. तरी नासतात ना?’

‘नासत्यात तर.’

सरांनी बोट वर केलं. ‘आणि ही काय बांधून ठेवलीय डोक्यावर? ढगातली एक क्षण येते नि जाते. ही चोवीस तास. तुमच्या आज्यांना जे कळत होतं ते आता सायन्स म्हणतंय.’

सगळ्या वर बघू लागल्या. वारा होता, तारा घुमत होत्या. कोणीतरी म्हणालं, ‘अगं बाई, खरंच की. आधी शेळ्या कशा पटापट गाभण राहायच्या.’ दुसरीने आपल्या मांजरीची पिल्लं आठवली. तिसरीला आपल्या भावजयीचं आठवलं. पाच मिनिटांत कॉलनीतलं सगळं दुखणं त्या सहा तारांवर जाऊन बसलं. नळावरची ती बाईच कौसल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘तरी मी म्हणतच होते वहिनी, तुमचा काय दोष.’

कौसल्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं, तेवढ्यासाठी मी काहीही कबूल केलं असतं. सर म्हणाले असते की तारांतून साखर गळते, तरी मान हलवली असती.

खिळ्याने एवढ्या विजेचं काय होणार? तेव्हा लोखंड वाढवायचं ठरलं. रवणीवरची डालगी, म्हणजे कोंबडीवर पालथ्या घातलेल्या टोपल्या, पत्र्याने झाकायची, वरून आणि तारांच्या बाजूनेही. पत्रा मी आणला. कारखान्यात मोडीत निघालेल्या पिंपांची झाकणं आणि कापलेले पत्रे पडून असत. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन मी ते सायकलला बांधून आणले आणि घरोघर वाटले. फाल्गुन लागला होता. दुपारी डांबर मऊ पडायला लागलं होतं. डालग्यांवर पत्रे चमकायचे आणि त्यांखालून कोंबड्यांचा घुसमटलेला, रागावलेला आवाज यायचा.

आता जे सांगायचं आहे ते मला लिहायला जड जातं.

रवणी एकामागून एक फसू लागल्या. आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. समोरच्यांची फसली, बरं वाटलं. कोपऱ्यावरच्यांची तीन सोडून सगळी गेली, बरं वाटलं. मी कामावरून येताना मुद्दाम वाकडी वाट करून घरोघर विचारत यायचो, ‘काय, निघाली का?’ चेहरा काळजीचा ठेवायचो. ‘नाही हो भाऊ’ असं उत्तर आलं की ‘अरेरे’ म्हणायचो आणि चार ढांगांत घरी. कौसल्या दारातच असायची. ‘त्यांचीही नाही,’ मी सांगायचो. ती म्हणायची, ‘बिचारे.’ आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही, कारण बघितलं असतं तर हसू आलं असतं. त्या पंधरवड्यात आमच्या घरात जेवताना बोलणं वाढलं होतं. तिने पुरणपोळी केली होती, सण नसताना.

दुसऱ्यांच्या टरफलात मेलेल्या जिवांवर आम्ही जेवत होतो.

अशाच एका रविवारी मी फेरी मारून आलो आणि पायरीवर बसून आकडे मनाशी लावत होतो. तेव्हा लक्षात आलं. ज्या दोन घरांत पिल्लं नीट निघाली होती, त्या दोन्ही घरांनी पत्रा लावला नव्हता. एका घराने आळसाने आणि एकाने, ‘आमची कोंबडी ओसरीत बसते, तिथं कुठनं येणार तुमच्या लहरी’ म्हणून. आणि कोपऱ्यावरची जी तीन जगली होती, त्यांचा पत्रा वाऱ्याने मधेच उडाला होता. सगळ्यांवर तारा त्याच होत्या. फरक पत्र्याचा होता. मी उठून हौसाबाईंच्या कुंपणापाशी गेलो. तांबडी उशिरा खुडूक झाली होती, तिची रवण जेमतेम निम्म्यावर आली होती. पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

हौसाबाई शेळीला पाला घालत होत्या. ‘काय भाऊ?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘बघत होतो.’

‘बसलीय नेटानं,’ त्या म्हणाल्या. ‘उठत नाय बिचारी.’

मी घरी आलो. मनाशी म्हणालो, अजून सगळे आकडे हातात आलेले नाहीत. दोन-तीन घरांच्या रवणी बाकी आहेत. अपुऱ्या आकड्यांवर बोलणं बरं नाही. ही माझी नेहमीची शिस्त होती, आणि इतकी सोयीची ती मला आधी कधीच वाटली नव्हती. पत्रा दोषी ठरला की तारा सुटणार होत्या. आणि तारा सुटल्या की माघातली ती पहिली रवण उरत होती, जिच्यावर पत्रा नव्हता. फक्त कौसल्याचा हात होता.

पुढचा आठवडा कडक तापला.

शुक्रवारी देवरे सरांनी प्रयोग जाहीर केला. मोठ्या दाबाच्या तारांखाली नुसती ट्यूबलाइट हातात धरली तरी ती उजळते, कुठेही न जोडता. रेल्वेलाइनपलीकडे जी जुनी विजेची लाइन जाते, तिच्याखाली त्यांनी आदल्या दिवशी स्वतः करून पाहिलं होतं. अंधार पडल्यावर सगळी कॉलनी रानात जमली. पोरांचा गोंधळ, बायका पदर सावरून उभ्या, कोणीतरी शेंगदाणेही आणलेले. कौसल्या पुढच्या रांगेत. हौसाबाई तिच्या शेजारी.

‘अंधार राहू द्या! बॅटऱ्या बंद!’ सर ओरडले. त्यांनी ट्यूब उभी धरली, हात उंचावला.

काही झालं नाही.

‘सर, स्टार्टर विसरला का?’ मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

सर दोन पावलं सरकले. ट्यूब आडवी धरली. सदऱ्याने पुसली. टाचा उंचावून धरली. पोरं ‘पेटली, पेटली’ म्हणून खोटंच ओरडत होती. मग सर थांबले, मान वर करून तारांकडे बराच वेळ बघत राहिले, आणि जी भाषा ते फक्त आईशी बोलत, तिच्यात स्वतःशीच म्हणाले, ‘करंटच नही शे.’

मग आम्हाला समजेल असं मोठ्याने म्हणाले, ‘तारेत वीजच नाही. अजून सोडलेलीच नाही.’

सर प्रामाणिक माणूस. दुसऱ्याने काहीतरी सबब सांगितली असती. पण तारा ओढल्या म्हणजे वीज आली, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. वाऱ्याच्या घुमण्याला करंट म्हणत होतो. इतके महिने आमच्या डोक्यावर नुसता धातू लोंबत होता.

हसणं थांबलं. त्या शांततेत माना वळल्या. सगळ्या नाही, तीन-चार. कौसल्याकडे. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. मला ते सहन झालं नाही आणि मी बोललो. एवढ्या लोकांत मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो असेन.

‘पत्र्याने गेली अंडी. उन्हाने पत्रा तापतो. ज्यांनी पत्रा लावला नाही त्यांची निघाली. मी बघितलंय. एकेका घरचं सांगतो.’ आणि मी सांगितलं, घरागणिक, बिनचूक. कोणी खोडून काढू शकलं नाही. तारांना मी सोडवलं, सरांना उघडं पाडलं, बायकोला वाचवलं, असं मला त्या मिनिटाला वाटलं.

हौसाबाई अंधारातून पुढे आल्या. आवाज चढवला नव्हता.

‘भाऊ, हे तुम्हाला कधी कळलं?’

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, म्हणता आलं असतं. पण तशी सवय नव्हती.

‘रविवारी,’ मी म्हणालो.

‘रविवारी तुम्ही माझ्या कुडाशी आलता.’

‘हो.’

‘पत्र्याला हात लावून बघितला.’

मी हात पाठीमागे नेला.

‘मी म्हणलं, काय भाऊ. तुम्ही म्हणले, काही नाही.’

त्या वळल्या आणि घराकडे निघाल्या. आम्ही मागून गेलो. त्यांनी पत्रा काढला, डालगं काढलं. तांबडी पाटीत मान टाकून बसली होती, तिने अंगावर यायचंही सोडून दिलं होतं. हौसाबाईंनी कंदिलाच्या उजेडात एकेक अंडं कानाशी धरलं. मग एक फोडलं. आत पूर्ण पिल्लू होतं, दुमडलेलं, मेलेलं. अंगावर ओली, तांबूस लव होती. लव उगवायला रवण निम्म्याच्या पुढे जावी लागते. म्हणजे रविवारी ते जिवंत होतं. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला, मन नको म्हणत असताना केला. हौसाबाईंनी सगळी फोडली. सगळी तशीच.

तांबडीने नंतर अंडं घातलं नाही.

घरी आल्यावर कौसल्याने दिवा लावला, पाणी प्यायली. मी म्हणालो, ‘तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून गप्प बसलो.’

‘मला विचारलंत?’

‘तुला त्रास...’

‘मी म्हटलं असतं, माझ्या हाताला लावा बोल, पण पत्रा काढा.’ ती शांतपणे बोलत होती. ‘मी ती अंडी हातात धरली होती. तुम्ही नुसती मोजली.’

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासू लागली. मला वाटतं, तिलाही स्वतःच्या त्या न आलेल्या हसण्याची आठवण आली असावी. तिने त्यातला आपला अर्धा वाटा मला कधी बोलून दाखवला नाही. माझ्यावर टाकलाही नाही.

उन्हाळ्यात तारांत वीज सोडली. थंडीत चरचर सुरू झाली. त्यानंतर कॉलनीत रवणी फसल्या आणि निघाल्याही, जशा सगळीकडे फसतात आणि निघतात. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतला एक तरुण नवरा माझ्याकडे आला. बायकोला सातवा महिना. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की मी त्या काळी तारांचा अभ्यास केला होता. ‘काका, खरं काय ते सांगा, बाधतं का?’ मी त्याला खरं तेच सांगितलं. मला माहीत नाही. शिकलेली माणसं अजून भांडताहेत, आणि माझ्याकडे जे आकडे होते ते मी माझ्या सोयीने ठेवले होते, त्यांच्यावर विसंबू नको. डॉक्टरला विचार, आणि जमलं तर बाळंतपणापुरतं तिला पुढच्या खोलीत झोपव. त्यात काही नुकसान नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला आकडा हवा होता.

देवरे सर पुढे बदलून देवळ्याला गेले. माझ्याशी चांगले होते. ‘चुकलो आपण,’ एकदा म्हणाले. आपण, म्हणाले. मला ते पुरलं नाही. ते चुकले होते. माझं नुसतं चुकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माघात हौसाबाईंनी बाजारातून नवी कोंबडी आणली. पांढरी, परक्या जातीची. ती खुडूक झाली त्या सकाळी नळाला पाणी आलेलं होतं, सगळ्या बायका बाहेर होत्या. हौसाबाईंना त्या दिवशी कसलीच अडचण नव्हती. तरी त्यांनी कुंपणापाशी येऊन, नळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाक मारली.

‘वैनी, या हो. अंडी ठेवायचीत.’

कौसल्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि गेली. नळावर कोणाची तरी बादली भरून वाहत होती. मी मागच्या दारात उभा होतो. तिने पाटीसमोर बसून तूस सारखं केलं. हौसाबाईंनी पहिलं अंडं तिच्या हातात दिलं. ती ते थोडा वेळ तशीच धरून होती.

माझ्या ओठांवर आकडा आला होता की काय, कोण जाणे. हौसाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परक्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

‘भाऊ, तुम्ही आत जा.’

मी आत गेलो.